हात चाकावर, नाम कुठे?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

"नोकरीत असताना देवाचं काही झालं नाही हो," हे वाक्य आमच्या गुरुवारच्या आरतीनंतर कुणी ना कुणी म्हणतंच. म्हणणारे कधी निवृत्त शिक्षक असतात, कधी एसटीतले कंडक्टर, कधी माझ्यासारखे बँकेतले कारकून. तीस-पस्तीस वर्षं घड्याळाच्या काट्यावर गेली. आता वेळ आहे, तर गुडघे बसू देत नाहीत आणि मन बसत नाही. या बोलण्यात खंत असते, आणि नीट ऐकलं तर थोडी भीतीही असते. ती वर्षं वरच्या हिशेबात धरली जाणार की नाही? मी कॉमर्सचा पदवीधर, त्यामुळे मला हा प्रश्न खतावणीसारखाच दिसतो. जमेच्या बाजूला जप, पारायणं, वाडीच्या आणि गाणगापूरच्या वाऱ्या. मग नोकरीची वर्षं कुठल्या बाजूला लिहायची?

यावर आपल्याकडे एक तयार उत्तर आहे: हाती काम, मुखी नाम. ऐकायला फार गोड. पण प्रामाणिकपणे सांगा, ज्यांनी हातांनी वेगाचं काम केलं आहे त्यांना हे जमलं का? गर्दीच्या वेळी तिकिटं फाडणाऱ्या कंडक्टरला? पगाराच्या तारखेला खिडकीवर बसलेल्या कॅशियरला? मला तरी नोटा मोजताना 'दिगंबरा दिगंबरा' म्हणणं कधी साधलं नाही, आणि साधलं असतं तर संध्याकाळी कॅश जुळली नसती. नाम आणि काम एकत्र चालतात ही गोष्ट काही कामांपुरती खरी आहे. सगळ्या कामांपुरती ती खरी नाही, हे मला एका कुंभाराच्या चाकाजवळ बसून कळलं. तेच सांगायचं आहे.

कुंभार म्हटलं की आपल्याला माठ आठवतो आणि गोरोबाकाका आठवतात. पण घरोघरी फ्रिज आल्यापासून माठाचा धंदा उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांचा उरला. आमच्या भागात जे कुंभार अजून चाकावर बसतात ते तीन गोष्टींवर जगतात: गणपती, पणत्या आणि झाडांच्या कुंड्या. त्यात कुंडी ही सगळ्यात साधी. तिच्यावर नक्षी नाही, तिची पूजा नाही. माणूस कुंडीकडे बघतच नाही, बघतो झाडाकडे. नर्सरीवाला शेकड्याने घेतो आणि किंमत एवढी पाडून मागतो की एका कुंडीत कुंभाराला जे सुटतं त्यात आज हॉटेलात एक कटिंग चहाही येत नाही. म्हणून कुंडी भरभर करावी लागते.

ती कशी करतात हे मी बऱ्याचदा पाहिलं आहे. निवृत्तीनंतर सकाळी फिरायला जायच्या वाटेवरच तो वाडा लागतो. चाक आता विजेवर फिरतं. खादी ग्रामोद्योग आयोगाने २०१८ पासून कुंभारांना अशी चाकं द्यायची योजना काढली, त्यानंतर आमच्याकडे ती दिसू लागली. त्याआधी दांड्याने फिरवायचं जड चाक होतं. एक मोठा लोंदा चाकावर बसवतात, चांगला दहा-बारा किलोचा. कारागीर त्याच्या टोकापुरतीच माती दोन्ही तळव्यांत धरून अगदी मध्यावर आणतो. माती मध्यावर नसली तर ती हातात थडथडते. मध्यावर आली की चाक फिरत असूनही ती उभी वाटते, जणू फिरतच नाही. मग अंगठे आत जातात. तळ दाबला जातो. बोटांच्या चिमटीत भिंत एकदा वर येते, दुसऱ्यांदा वर येते. वरचा काठ जरा जाड ठेवून ओल्या फडक्याने गुळगुळीत करायचा. शेजारी चिखलात खोचलेली एक काडी असते, तिच्या टोकाशी उंची जुळवायची. खालून दोरा फिरवला की कुंडी सुटते आणि दोन्ही हातांवर अलगद फळीवर जाते. पुढची सुरू. सहा इंची कुंडीला माझ्या घड्याळात कधी पन्नास सेकंद लागले, कधी सत्तर. तासभर मी बसलो तरी त्या हातांची चाल बदलली नाही.

या गतीबद्दल माझा एक समज होता, आणि तो बहुतेकांचा असतो. भरभर म्हणजे घाईघाईत, आणि सावकाश म्हणजे मन लावून. माझी नात पुण्यात शनिवार-रविवार मातीकामाच्या वर्गाला जाते. ती एका लहानशा भांड्याला पाऊण तास देते, मग त्याचा फोटो काढते, तो मला पाठवते आणि मीही कौतुकाने अंगठा दाखवतो. तिला मी एकदा या वाड्यात घेऊन गेलो. तिने चाकावर बसून पाहिलं. ती फार जपून, हळूहळू भिंत वर ओढत होती, दर वेळी हात पाण्यात बुडवत होती. पाचव्या मिनिटाला भिंत एका अंगाला कलली आणि खाली बसली. कारागीर हसून म्हणाला, "ताई, लई लाडं केली तुमी तिची. माती दमली."

माती दमते! पण हे अगदी खरं आहे, नातीनेच मला नंतर त्याचं कारण सांगितलं. चाकावरची माती जितकी जास्त वेळ हाताळाल तितकं पाणी ती पिते, मऊ पडते आणि स्वतःचाच भार तिला पेलत नाही. म्हणून दोन-तीन ओढींत भिंत उभी राहिली पाहिजे. कुंभाराचा वेग हा बाजारामुळे आलेला आहे हे खरंच, पण तेवढंच नाही. त्या मातीलाही तोच वेग सोसतो. जिथे हात रेंगाळतो तिथे भांडं कच्चं राहतं. काळजी म्हणजे संथपणा हे समीकरण चाकावर चालत नाही.

त्याला मी एकदा विचारलं, "अहो, चाकावर बसल्यावर देवाचं नाव घेता का?" माझी अपेक्षा अशी, की हा माळकरी माणूस, आषाढीला पायी जाणारा, तो 'हो' म्हणेल आणि मला लेखाला एक छान वाक्य मिळेल. तो म्हणाला, "न्हाई सायेब. चाकावर चाकच. नाव घ्याय बसलो तर कुंडी बसती."

सकाळी बसताना तो चाकाला हात लावून तो कपाळाला लावतो. उठताना पुन्हा. मधल्या चार तासांत देव नाही, नाव नाही, काही नाही. मग ते चार तास कुठल्या बाजूला लिहायचे?

इथे मला आपल्या दत्तमहाराजांचे चोवीस गुरू आठवले. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला ते सांगतो. त्याच स्कंधावर नाथमहाराजांनी एकनाथी भागवत लिहिलं, आणि नाथांचे गुरू जनार्दनस्वामी तर देवगिरीवरचे दत्तोपासक. म्हणजे ही यादी आपल्या घरचीच आहे. त्या चोवीसांत कुंभार नाही. मातीचं घर बांधणारी कुंभारमाशी मात्र आहे, शेवटी शेवटी. पण मला आठवला तो बाण करणारा. तो बाणाचं टोक सरळ करण्यात इतका गढलेला असतो की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत जाते आणि त्याला पत्ता लागत नाही. अवधूत त्याला गुरू करतो. आता गंमत बघा. त्या कथेत तो कारागीर बाण करताना देवाचं नाव घेत होता असं कुठेही सांगितलेलं नाही. तो बाणच करत होता. त्याचं मन बाणात होतं, देवात नव्हतं, आणि तरीही ज्याला साक्षात दत्तात्रेय म्हणून आपण पूजतो त्याने त्याच्याकडून एकाग्रता शिकली. आपण ही कथा दर वर्षी ऐकतो आणि तिचा अर्थ 'देवाच्या ठायी असं एकाग्र व्हा' असा लावून पुढे जातो. तो बरोबरच आहे. पण आधी तो माणूस आपल्या कामाच्या ठायी तसा होता, हे आपल्या कानांवरून निसटतं.

आमच्या शाखेत एक हेडकॅशियर होते. ओल्या स्पंजवर बोट टेकवून शंभराची गड्डी मोजायला लागले की समोर कोण उभं आहे हे त्यांना दिसत नसे. एकदा झोनल ऑफिसचे मोठे साहेब अचानक तपासणीला आले, शाखेतले सगळे उभे राहिले, हे मोजतच होते. गड्डी संपली, कागदी पट्टी लावली, तारीख घालून सही केली आणि मगच मान वर केली. साहेबांची स्वारी त्यांच्यासमोरून गेली होती! तेव्हा आम्ही हसलो. अकरावा स्कंध मी वाचला तो पुष्कळ नंतर.

तर उत्तर मिळालं असं म्हणून इथे थांबता आलं असतं. कामात पूर्ण मन घातलं की तीच उपासना, नोकरीची सगळी वर्षं जमेला, आणि आपण सगळे सुटलो. पण बँकेतल्या माणसाला इतक्या सहज जुळणाऱ्या हिशेबाचा संशय येतो.

कारण खिसेकापूही एकाग्र असतो. यात्रेच्या गर्दीत, पालखीच्या धक्काबुक्कीत, दोन बोटांनी पाकीट काढणाऱ्याचं मन त्या क्षणी जितकं एका जागी असतं तितकं गाभाऱ्यासमोर हात जोडलेल्या आपलं असतं का? लक्ष एकवटणं ही शक्ती आहे, पुण्य नव्हे. आमच्याच नोकरीच्या काळात एक दुसरा कॅशियर पाहिला होता, कोणत्या गावचा ते जाऊ दे. तोही विजेसारखा मोजायचा. पण त्याने दिलेली गड्डी घरी जाऊन सोडली की मधोमध चार-पाच फाटक्या, चिकटवलेल्या नोटा निघायच्या. वरची नोट कोरी, खालची नोट कोरी. खिडकीवर उभा असलेला पेन्शनर म्हातारा गड्डी सोडून बघणार नाही, बघितली तरी परत यायला एसटीचं भाडं पडेल, हे त्याला ठाऊक असायचं. वेग तोच, एकाग्रता तीच. फरक होता तो गड्डीच्या मध्यात.

कुंडीलाही असा मध्य असतो. तो काय, हे मला त्या वाड्यातल्या म्हातारीने दाखवलं, कारागिराच्या आईने. हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण नर्सरीतून कुंडी आणणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना तो माहीत असेल कोण जाणे.

आपल्याकडच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात, शेतकऱ्यांना ते ठाऊक आहेत. तळ्यातून, नदीकाठावरून कुंभार माती आणतो ती वाळवून, फोडून, चाळून, भिजत घालतो. त्यात राख किंवा बारीक रेती किंवा लीद मिसळून पायांनी तुडवतो. इतकं करूनही ज्वारीच्या दाण्याएवढा एखादा खडा राहून जातो. चाकावर तो बोटाला लागलाच तर लागतो, वेगात लागतही नाही. कुंडी सावलीत वाळते, मग उलटी घालून तिचा तळ वाळवतात, मग ती आव्यात जाते. आवा सातशे ते नऊशे अंशांपर्यंत तापतो. त्या आगीत मातीचा कायमचा जन्म पालटतो, पुन्हा पाण्यात घातली तरी तिचा चिखल होत नाही. आणि त्याच आगीत चुनखडीच्या खड्याचा होतो कळीचा चुना. कळीचा चुना पाण्यात टाकला की काय होतं हे आपल्या पिढीने भिंती रंगवताना पाहिलेलं आहे, तो पाणी पिऊन फुगतो, रटरटतो. कुंडीच्या भिंतीत अडकलेला तो कण हवेतला ओलावा पिऊन असाच फुगतो आणि वरची खपली उडवून देतो. कधी नुसता टवका जातो, कधी तडा जाऊन कुंडी दुभंगते. हे आवा उघडल्यावर लगेच होतंच असं नाही. काही दिवसांनी होतं, काही आठवड्यांनी, पहिल्या पावसात होतं. तोवर कुंडी कुणाच्या तरी गच्चीवर पोचलेली असते. तिथून तक्रार घेऊन कुणी कुंभारवाड्यात येत नाही. लोक म्हणतात, मातीचंच ते, फुटायचंच. आणि पुढच्या खेपेला प्लॅस्टिकची आणतात.

म्हातारी दिवसभर एका पोत्यावर बसून भिजलेल्या मातीचे गोळे हातात घेऊन चाचपत असते. एका डोळ्यात मोतीबिंदू, त्यामुळे तिचं सगळं बोटांवर. खडा लागला की काढून डाव्या बाजूच्या फुटक्या पणतीत टाकते. तोंडाने सारखं विठ्ठल विठ्ठल चालू. मी म्हटलं, "आजी, एवढ्या कुंड्यांत एखादा खडा राहिला तर कुणाला कळणार आहे?" ती म्हणाली, "न्हाईच कळायचं. आपल्याला तर अजाबात न्हाई. त्यांच्या दारात फुटंल." आणि पुन्हा विठ्ठल विठ्ठल.

म्हणजे नाम त्या घरात होतं. चाकावर नव्हतं, मातीत होतं.

मी घरी येऊन यावर पुष्कळ विचार केला. मुलाच्या त्या पन्नास सेकंदांच्या मागे आईचे तास होते, बायकोचे तास होते. कुंड्या उलट्या करणं, सावली सरकली की फळ्या सरकवणं हे तीच करते. चाकावरचा वेग दिसतो, त्याचं कौतुक होतं, माझ्यासारखे त्याला घड्याळ लावतात. पोत्यावर बसलेल्या बाईला कुणी घड्याळ लावत नाही. पण माती निवडलेली नसती तर तो वेग म्हणजे फसवणूकच झाली असती, आणि मुलाला ते चाकावर कळलंही नसतं. जिथे हात भरभर चालतो तिथे नामाला जागा नाही, विवेकालाही जागा नाही. तिथे जे करायचं ते आधीच झालेलं असावं लागतं. आमचे हेडकॅशियर मोजताना बाणवाल्यासारखे असायचे, पण मोजायला बसण्याआधी ते प्रत्येक गड्डी फुलवून फाटक्या नोटा बाजूला काढून ठेवत, आणि सही न येणाऱ्या पेन्शनरला पैसे देताना मोठ्याने, त्याच्या समोर, दोनदा मोजत. तेवढ्यापुरते ते मुद्दाम हळू व्हायचे.

आता गोरोबाकाकांविषयी थोडं बोललं पाहिजे, कारण कुंभार आणि नाम म्हटल्यावर तुमच्या मनात ती कथा आलीच असेल. तेरचे गोरोबा, ज्ञानदेव-नामदेवांच्या मेळ्यातले, वयाने वडील म्हणून काका. चिखल तुडवताना नामात देहभान हरपलं आणि रांगत आलेलं मूल पायांखाली गेलं. पुढे विठ्ठलकृपेने ते परत मिळालं. संतचरित्राची परीक्षा घ्यायचा माझा अधिकार नाही आणि तशी इच्छाही नाही. पण ही कथा कीर्तनात ऐकताना आजोबा झालेल्या माणसाच्या पोटात खड्डा पडतो, हेही खरं आहे. एक गोष्ट लक्षात येते. हे चाकावर घडलं नाही. चाकावर नामाला फट नव्हती. ते घडलं तुडवण्याच्या कामात, जिथे पायांना वाट पाठ असते आणि मन मोकळं असतं. मोकळ्या मनात नाम येतं, आणि तेवढ्यात मूलही रांगत येतं. काकांचं मूल पांडुरंगाने दिलं. आपल्या प्रपंचात आपण नामात रंगून कुणाला तुडवलं तर ते परत कोण देणार? सुनेला स्वयंपाकघरात एकटीला राबवून आपण तीन तास जपाला बसतो, तेव्हा हा प्रश्न विचारायला हरकत नसावी. त्या म्हातारीच्या तोंडात नाम होतं पण बोटं जागी होती. मला वाटतं, आपल्यासारख्यांना झेपेल ते तेच आहे.

(संपादकांना हा परिच्छेद कडक वाटला तर त्यांनी कापावा. पण त्यांनाही सून आहे.)

नातीने मला एक पुस्तकही आणून दिलं होतं, इंग्रजीतलं, जपानी माणसाचं. सोएत्सु यानागी त्यांचं नाव. सामान्य लोकांच्या रोजच्या वापराच्या वस्तूंमधलं सौंदर्य दाखवायला त्यांनी १९२५च्या सुमारास एक चळवळ सुरू केली आणि १९३६ साली तोक्योत तिचं संग्रहालय उघडलं. क्योतोच्या दाइतोकुजी मठाच्या आवारातल्या एका देवळात एक वाडगा जपून ठेवलेला आहे. जपान सरकारने त्याला राष्ट्रीय ठेवा ठरवलं आहे. तो मूळचा कोरियातला. यानागींचं म्हणणं असं की तो कुणा गरीब कुंभाराने रोजच्या जेवणासाठी, स्वस्तात, भरभर, हजारोंतला एक म्हणून केलेला. त्याला सुंदर करायचा विचारच करणाऱ्याच्या मनात नव्हता आणि म्हणूनच तो तसा झाला. मला त्या वाडग्याचा फोटो बघून विशेष काही वाटलं नाही, आपल्याकडे दूध तापवायला असतं तसलंच काहीतरी. पण एक विचार मनात राहिला. शंभरावी कुंडी करणाऱ्याला 'मी कुंडी केली' असं म्हणायला सवड नसते. माझी नात फोटो काढते, कारण तिने ती केली आहे. हा काढत नाही. जो 'मी' घालवायला आपण पहाटे उठून आसनावर बसतो, तो त्याच्या चाकावर तासन् तास गैरहजर असतो. उठल्यावर येतो, नर्सरीवाल्याशी भाव करताना चांगला हजर असतो. पण मधल्या वेळात नसतो.

मग आरतीनंतर विचारला जाणारा तो प्रश्न. माझं मत सांगतो, मानलं पाहिजे असं नाही. नोकरीतली जी वर्षं अशी गेली, की हात कामात होता, 'मी' गैरहजर होता आणि गड्डीच्या मध्यात फाटकी नोट नव्हती, ती वर्षं देवाविना गेली असं मला म्हणवत नाही. त्यांत नाव घेतलं नाही म्हणून ती खर्चाच्या बाजूला टाकता येणार नाहीत. पण प्रत्येकाने आपापली गड्डी आपणच सोडून बघायची आहे, तिथे दुसऱ्याचं सर्टिफिकेट चालत नाही. माझ्या ओळखीचे काही जण असे आहेत की त्यांना निवृत्तीनंतरचा जप फार गरजेचा आहे. काही असेही आहेत, मोजकेच, की त्यांनी माळ हातात नाही धरली तरी चालेल.

सांख्यकारिकेत कुंभाराच्या चाकाचा एक दृष्टान्त येतो, शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्रभाष्यात तो वापरला आहे. दांडा काढून घेतला तरी चाक दिलेल्या गतीने काही काळ फिरतच राहतं, तसा ज्ञानी माणसाचा देह प्रारब्ध संपेपर्यंत चालत राहतो. आपण ज्ञानी नव्हे. पण निवृत्त माणसाचं चाक मात्र तसंच आहे. दांडा काढून घेतल्याला मला सात वर्षं झाली, तरी पहाटे पाचला जाग येते आणि बोटं उगाच अंगठ्यावर नोटा मोजतात. या उरलेल्या फिरण्यात काय करायचं?

एक करता येतं. आव्यातून काढलेली कुंडी कारागीर बोटाच्या पेराने वाजवून बघतो. खणखणीत वाजली तर चांगली, बद्द वाजली तर तडा. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी वाजवून नामदेवांना कच्चं ठरवलं, ती कथा याच परीक्षेवरून आलेली. पण त्या वाड्यात मला कळलं की चुन्याचा खडा या परीक्षेत सापडत नाही. खडा पोटात असलेली कुंडीही खणखणीत वाजते. तो फक्त आधी सापडतो, ओल्या मातीत, बोटांना.

दत्तजयंतीच्या सप्ताहात आपल्या मंदिरात दर वर्षी एक वाद होतोच. श्रीगुरुचरित्र सात दिवसांत म्हणजे रोजचे अध्याय पुष्कळ, दुपारच्या नैवेद्याच्या आत आटोपायचे, म्हणून काही जण फार वेगाने वाचतात. काही जणांना ते खपत नाही. 'ही काय आगगाडी आहे का?' असं एक ज्येष्ठ गेल्या वर्षी सर्वांसमोर म्हणाले. मी पूर्वी त्यांच्या बाजूचा होतो. आता नाही. सराव असलेल्या वाचकाची ओवी भरभर जाते तेव्हा ती नीट उभी राहते; रेंगाळत, मध्येच चष्मा पुसत, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलत वाचली की तीच ओवी दमते. वेगाला माझी हरकत नाही. मी एवढंच बघतो की माती कुणी निवडली आहे का.

म्हणून यंदा मी आदल्या रात्री, जेवणं झाल्यावर, उद्याचे अध्याय उघडून बसतो. वाचायला नव्हे. जिथे जीभ अडते, जिथे अर्थ न कळता मी इतकी वर्षं नुसता सूर लावून पुढे गेलो आहे, तेवढेच शब्द पेन्सिलीने वेगळ्या कागदावर काढतो. जुना शब्दकोश शेजारी असतो. सौ. हसते, म्हणते, पुन्हा लेजर सुरू झालं का? चौदावा अध्याय मला पाठ आहे, तिथे जीभ आपोआप धावते आणि कुठेच अडत नाही. काल रात्री मी तोच काढून बसलो होतो. अकरा शब्द निघाले.